आजींच्या चपला, मुलाचं प्रवचन आणि फुटक्या बांगड्या

(वाचकांची पत्रं, काकूंची उत्तरं)

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की सगळी पत्रं सासवा-सुनांची नाहीतर फ्लॅटच्या मेन्टेनन्सचीच येतात, देवाधर्माच्या कामाला लागलेली तरुण पोरं इतकी आहेत आपल्याकडे, त्यांना काही अडचणीच नसतात का. तर घ्या, आली की पत्रं, आणि अशी आली की दोन रात्री झोप नाही. पाच घेतेय. नावं-गावं नेहमीसारखी काढून टाकलीत. पहिल्याचं उत्तर फार लांबलंय, संपादक ओरडणार, ओरडू देत.

पत्र पहिलं

काकू, सप्रेम सलाम. मी २३ वर्षांची, मूळची अहिल्यानगरची, म्हणजे आम्ही अजून नगरच म्हणतो, घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. बी.ए. झाल्यावर एका मिशन संस्थेत दोन वर्षांसाठी आले आणि इंदूरला येऊन चौदा महिने झाले. सकाळी वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घ्यायचा आणि दुपारी एका हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डात जायचं, ज्यांच्याजवळ कोणी नसतं त्यांच्याजवळ बसायचं, पाणी पाजायचं, औषधाची चिठ्ठी घेऊन खाली जायचं, असं काम आहे. दर शनिवारी आम्हाला प्रेयर लेटर लिहावं लागतं, आमच्या खर्चाला मदत करणाऱ्या मंडळींना ते व्हॉट्सॲपवर जातं, आणि त्यात ‘ह्या आठवड्यात रोजच्या जगण्यातून प्रभूने मला काय शिकवलं’ हा भाग पाहिजेच पाहिजे. सुरुवातीला मजा यायची. मी पोह्यांवर लिहिलं, कचऱ्याच्या गाडीवर लिहिलं, राजवाड्याच्या सात मजल्यांवर तर दोन आठवडे लिहिलं.

पण मग असं व्हायला लागलं की एखादी गोष्ट नीट बघायच्या आधीच तिचा धडा तयार. वॉर्डात एक आजी होत्या, मराठीच, मागे कोणी नाही. मी रोज अर्धा तास बसायचे. त्या सारख्या विचारायच्या, बाई, माझ्या चपला कुठंयत? मी हात धरून म्हणायचे, आजी, आता कुठे जायचंय तुम्हाला, पडून राहा. आणि खरं सांगते काकू, तेव्हाच डोक्यात शनिवारचं पत्र सुरू झालेलं असायचं, की प्रवास संपत आला तरी माणसाच्या चपला सुटत नाहीत, आणि बायबलातल्या मोशेला देवाने जोडे काढायला सांगितले होते कारण ती भूमी पवित्र होती, वगैरे वगैरे. चौथ्या दिवशी गेले तर पलंग रिकामा आणि चादर बदललेली. आयाबाई म्हणाल्या, पहाटे गेल्या. आणि मग बोलता बोलता त्याच म्हणाल्या की चपला शेजारच्या पलंगाखाली सरकल्या होत्या, “बाथरूम में पानी रहता है ना, नंगे पाँव जाने में घिन आती थी उनको.” बस, एवढंच होतं.

मी तरीही शनिवारी चपलांवरच लिहिलं. बाथरूमचं नाही लिहिलं. आजपर्यंत सगळ्यात जास्त रिप्लाय त्या पत्राला आले, एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तर ते उपासनेत वाचून दाखवलं. तेव्हापासून लिहायला बसलं की पोटात ढवळतं. सिनियर म्हणतात, हा आत्मिक कोरडेपणा आहे, प्रार्थना वाढव. काकू, माझं काय चुकलं, आणि उरलेले दहा महिने तो भाग मी कशाने भरू?

उत्तर

पोरी, चुकलं ते चुकलंच, उगाच पाठीवरून हात फिरवत नाही. आजींना काय हवंय हे विचारलं नाहीस हे एक, पण ते मी समजू शकते, तेवीस वर्षांच्या मुलीला मरणाजवळच्या माणसाच्या तोंडचं प्रत्येक वाक्य खोलच वाटतं. दुसरं जास्त वाईट आहे. पत्र लिहिताना बाथरूमचं तुला माहीत होतं आणि ते तू गाळलंस, कारण ते घातलं असतं तर धडा पडला असता. तुला हे कळलंय म्हणून तर ढवळतंय. तुझ्या सिनियरचा मान राखून सांगते, ह्याला कोरडेपणा म्हणत नाहीत. पोट शाबूत आहे तुझं.

आता मी काही ख्रिस्ती नाही, साउथ तुकोगंजात नाथ मंदिराच्या आसपास आयुष्य गेलं, त्यामुळे माझ्या घरातलंच सांगते. आमच्याकडे अवधूताच्या चोवीस गुरूंची गोष्ट आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदु राजाला एक तरुण अवधूत भेटतो, मस्त मजेत, आणि राजा त्याला विचारतो की बाबा रे तुला हा आनंद मिळाला कुठून. तर तो चोवीस गुरू मोजून दाखवतो, पृथ्वी, वारा, पाणी इथून सुरुवात करून अजगर, मधमाशी, हत्ती, कोळी, बाण घडवणारा कारागीर, पिंगला नावाची वेश्या, आणि एक कुमारी. म्हणजे तुझं प्रेयर लेटरच, चोवीस आठवड्यांचं.

त्यातली कुमारीची गोष्ट बघ. तिला मागणी घालायला पाहुणे येतात आणि नेमकं घरात मोठं कोणी नसतं. ती बिचारी आत जाऊन त्यांच्या जेवणासाठी साळी कांडायला बसते, तर हातातल्या बांगड्या वाजायला लागतात. तिला लाज वाटते, की घरात कांडलेला तांदूळ पण नाही हे पाहुण्यांना ऐकू जाणार. म्हणून ती एकेक करून बांगड्या फोडते, दोन्ही हातांत दोन-दोन ठेवते. त्या दोन पण वाजतात. मग एकेकच ठेवते, तेव्हा कुठे आवाज थांबतो. अवधूत म्हणतो, मी ह्यातून एकटं राहायला शिकलो.

ही गोष्ट मी आमच्या भजनी मंडळात वीस वर्षं सांगितली गं. हावभावासकट. कांडतानाचा हात, दचकणं, सगळं. बायका डोळे पुसायच्या.

आणि मग आपल्या इंदूरचं कचऱ्याचं सुरू झालं. २०१७ मध्ये स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला, मग येतच राहिला, रोज सकाळी गाणं वाजवत गाडी यायची आणि आपण ओला सुका वेगळा करून द्यायचा. मी पण द्यायचे, म्हणजे देते असं मला वाटायचं. एका गुरुवारी रात्री मंडळातून आले, नेमकी हीच गोष्ट रंगवून, आणि उंबऱ्याला हात आपटून माझ्याच दोन हिरव्या बांगड्या फुटल्या. कंटाळा आला होता, केरसुणीने तुकडे गोळा केले आणि वाटाण्याच्या सालांच्या बादलीत टाकून दिले, ओल्यात. सकाळी गाडीवरच्या ताईंनी बादली रिकामी करताना त्यात हात घातला, ते लोक हाताने बघतात काही चुकीचं आहे का म्हणून, आणि अंगठा आणि पहिलं बोट ह्यांच्या मधल्या मऊ जागेत काच गेली. ओरडल्या नाहीत त्या. तोंडात धरला हात, मग ओढणीचं टोक गुंडाळलं आणि म्हणाल्या, “आंटी, गीले में काँच मत डाला करो, हम हाथ से छाँटते हैं.” सालांवर रक्ताचे दोन थेंब पडलेले आणि मधे तो हिरवा तुकडा, चमकत होता छान.

वीस वर्षं मी गोष्टीत बांगड्या फोडत होते आणि फुटलेल्या तुकड्यांचं काय झालं असेल हा विचार मला एकदाही आला नाही. त्या पोरीने ते अनवाणी पायाने कुठे झाडून टाकले असतील, पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून.

हळद आणली, पट्टी आणली, त्यांनी हळद लावून घेतली आणि पुढच्या घरी गेल्या, कारण गाडी थांबत नाही. ती गोष्ट पुढची चार वर्षं मला मंडळात सांगताच आली नाही. तोंड उघडलं की तो हात दिसायचा. म्हणजे तुझं ढवळणं मला माहीत आहे, एवढं सांगण्यासाठी हे पुराण.

नंतर कधीतरी मी तो भाग परत काढून वाचला, तर तीन गोष्टी दिसल्या ज्या मी सांगताना खाऊन टाकत होते. पहिली, अवधूताने किती बारीक बघितलंय, आधी सगळ्या वाजल्या, मग दोन ठेवल्या, तरी वाजल्या, मग एक. ज्याला धडा घाईत हवा असतो तो ‘दोन’ वर थांबत नाही. दुसरी, तो त्या मुलीला काही सांगत नाही, बाळे तू माझी गुरू आहेस वगैरे, तिला साळी कांडायच्या होत्या, तिने कांडल्या. आणि तिसरी, यदुने विचारलं तेव्हा तो बोलला. दर शनिवारी फॉरवर्ड नाही करत बसला.

तुमच्या शास्त्रातलं मी तुला शिकवायचं म्हणजे अतीच होईल, पण शाळेत आम्हाला एक ख्रिस्ती बाई होत्या, त्या येशूचे दाखले, म्हणजे त्याने सांगितलेल्या छोट्या गोष्टी, फार सुंदर सांगायच्या, त्यातली हरवलेल्या नाण्याची बाई मला अजून आठवते. दहा नाणी, त्यातलं एक हरवतं, मग ती दिवा लावते, घर झाडते, कोपरे शोधते, आणि सापडल्यावर शेजारणींना हाक मारते. सांगणाऱ्याने घर झाडताना कोणाला तरी नीट बघितलंय गं. दिवसाउजेडी पण काही घरांत दिवा लावावा लागतो हे ज्याला माहीत आहे तोच हे सांगेल. पीठ फुगवणाऱ्या खमिराच्या दाखल्यात पण पीठ किती, तर तीन मापं, आकडा आहे. आणि बाई असंही सांगायच्या की लोकांसमोर येशू नुसता दाखला सांगायचा, अर्थ शिष्यांनी मागून एकट्यात विचारला तर.

तर आता काम सांगते. एक वही कर, पानाच्या मधे उभी रेघ मार. डाव्या बाजूला जे झालं ते लिही, रंग, आवाज, कोण काय म्हणालं ते त्याच शब्दांत. उजवी बाजू कोरी. आठ दिवस त्या बाजूला हात लावायचा नाही. आठ दिवसांनी काही सुचलं तर लिही, नाही सुचलं तर कोरी राहू दे, माझ्या वहीत कोरीच जास्त आहे.

वॉर्डातल्या माणसाबद्दल पत्रात लिहायचं नाही. नाव नाही, आजार नाही, पलंगाचा नंबर नाही, फोटो तर अजिबात नाही. लिहायचंच असेल तर त्या माणसाला विचारून, आणि विचारता येत नसेल तर लिहू नये. आणि अजून एक, तू करत असशील असं म्हणत नाही, पण तिथे बसून धर्माचं बोलणं काढायचं नाही, त्याने स्वतः काढलं तर गोष्ट वेगळी. बाकी कुठेही समोरचा माणूस कंटाळला तर उठून जाऊ शकतो, पलंगावरचा नाही जाऊ शकत.

शनिवारच्या पत्रात काय भरायचं? जे केलंस ते भर. ‘ह्या आठवड्यात अकरा वेळा चिठ्ठी घेऊन खाली गेले, लिफ्ट बंद होती, दोन मुलं आता सतराचा पाढा म्हणतात, एक म्हणत नाही.’ पैसे देणाऱ्या माणसाला हे वाचायला आवडतं गं, विश्वास ठेव, मी पण कुठे कुठे पाचशे-हजार देते आणि मला दरवेळी सूर्योदयाचा फोटो येतो. सिनियर विचारतील धडा कुठाय, तर सांग की ह्या आठवड्यात नाही आला. एकदा सांगून तर बघ.

आणि त्या चपलांच्या पत्राचं दुसरं पत्र जायला हवं. ज्यांना पहिलं गेलं त्या सगळ्यांना. बाथरूमसकट. रिप्लाय कमी येतील. त्या आधी राजवाड्याजवळ कुठल्याही दुकानातून रबरी चपलांचे दोन-तीन जोड घे, वेगवेगळ्या मापाचे, आणि आयाबाईंकडे दे, त्यांना बरोबर माहीत असतं कोणाला लागतात ते.

पत्र दुसरं

काकू, मी लोकमान्य नगरमधून लिहितेय. मुलगा २१ वर्षांचा, शिक्षण झालं आणि एका संप्रदायाचा पूर्णवेळ प्रचारक झाला, आमची काही हरकत नव्हती, मुलगा चांगल्या मार्गाला आहे. पण परवा चार दिवस सुट्टीवर आला आणि घरात नुसतं प्रवचन. सिलेंडर संपला तर म्हणाला, आई, शरीर म्हणजे सिलेंडर आणि आतला गॅस म्हणजे प्राण. मोबाईल चार्जिंगला लावला तर नामस्मरण म्हणजे चार्जर. पोह्यांवर जीरावण मसाला भुरभुरत होते तर पोहे म्हणजे संसार आणि जीरावण म्हणजे सत्संग, त्याच्याशिवाय चव नाही. ह्यांनी ताट उचललं आणि बाल्कनीत जाऊन जेवले. आता दिवाळीला परत येणार आहे. मी काय करू, बोलले तर त्याला वाईट वाटेल.

उत्तर

तुमच्या ह्यांचं बरोबर आहे, जीरावण म्हणजे जीरावण, त्याच्यात बडीशेप, धणे, काळं मीठ असतं, सत्संग नसतो.

हसू आलं वाचून पण मग वाईट पण वाटलं त्याच्यासाठी. नवीन गाडी शिकलेला माणूस कसा विनाकारण हॉर्न वाजवतो, तसं आहे ते. बाहेर चारचौघांत बोलताना त्याची जीभ अडखळत असणार, मोठी माणसं प्रश्न विचारत असणार, म्हणून तो घरी तुमच्यावर प्रॅक्टिस करतोय. तुम्ही त्याला पहिले काय विचारलंत आल्यावर? आठवून बघा. मला वाटतं ‘कसं चाललंय काम’ असं विचारलं असेल, म्हणून त्याने कामातलं दाखवलं. ह्या वेळी विचारा, तिथे जेवायला काय असतं, कपडे कोण धुतं, रात्री डास चावतात का, खोलीत किती जण, घोरतं कोण. दोन दिवस फक्त हेच.

आणि काम द्या त्याला. सिलेंडर प्राणासारखा आहे ना, मग उचलून आण म्हणावं खालून तिसऱ्या मजल्यावर. उपमा द्यायची खोड लागलेल्या माणसाच्या हातात वस्तू दिली की उपमा आपोआप कमी होते, वजन असतं वस्तूला. शिवाय ज्याच्याबद्दल बोलायचं ते आधी माहीत तरी करून घ्यावं माणसाने. त्याला सांगा, तुझ्या केळ्याच्या सालीचा खरोखरचा गॅस होतो बाबा, इंदूरजवळ देवगुराडियाला, २०२२ मध्ये सुरू झालेला प्लांट आहे, सुरू झाला तेव्हा रोज ५५० टन ओला कचरा घ्यायची त्याची क्षमता होती, आणि तो गॅस शहरातल्या बसगाड्यांना जातो. पण सालीत प्लास्टिक आलं की सगळा घोळ होतो म्हणून आधी हाताने वेगळं करावं लागतं. एकदा जाऊन बघून ये म्हणावं तिथे, नाकाला रुमाल न लावता. मग त्याला ह्यावर जे बोलायचं असेल ते मी स्वतः ऐकायला येईन तुमच्याकडे.

वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नका. ‘बाळा, जेवताना नको’ एवढं आईने म्हणायला काही हरकत नाही, त्याच्या गुरूंनी पण जेवताना गप्पच बसायला शिकवलं असेल.

पत्र तिसरं

काकू नमस्कार, वय १९, देवासचा आहे. एका आश्रमात सेवाव्रती म्हणून सहा महिने झाले. मला गावोगाव जाऊन काम करायचं होतं, लोकांशी बोलायचं होतं, त्यासाठीच आलो, पण आल्यापासून कोठारात टाकलंय. तूरडाळीची पोती मोजा, तांदूळ चाळा, सोंडे काढा, दोन वेळच्या स्वयंपाकाला माप काढून द्या. मोठे स्वामी म्हणतात ह्यातच साधना बघ. मला सोंडेच दिसतात.

उत्तर

सोंडे असले तर सोंडेच दिसणार. डोळे चांगले आहेत तुझे.

तुझ्याच वयाची एक मुलगी होती फ्रान्समध्ये, लिझ्यूची तेरेजा. पंधराव्या वर्षी मठात गेली आणि २४ व्या वर्षी, १८९७ मध्ये क्षयाने गेली, म्हणजे तुझ्या भाषेत सांगायचं तर सगळं आयुष्य कोठारातच. तिला पण दूर देशी मिशनवर जायची फार इच्छा होती, जमलं नाही. आणि गंमत बघ, १९२७ मध्ये पोपने जगभरच्या मिशन कामाची संरक्षक संत म्हणून कोणाला नेमलं, तर एक फ्रान्सिस झेवियर, जो अर्धी दुनिया फिरला, गोव्याला आला, जपानला गेला, आणि दुसरी ही, जी मठाच्या बाहेर कधी कामाला गेली नाही. तिची एक आठवण मला आवडते. कपडे धुताना समोरची एक सिस्टर रुमाल असे आपटायची की घाण पाणी हिच्या तोंडावर उडायचं. हिला पहिल्यांदा वाटलं, मागे सरकून तोंड पुसावं, म्हणजे तिला कळेल. मग ठरवलं, नाही सरकायचं. आपल्याकडे नळावर अशा वेळी काय होतं ते तुला माहीत आहे.

पण हे सांगून मी तुला पोत्यांवर बसवून ठेवत नाहीये. साधना वगैरे नंतर, आधी मला हे कळव की झोप किती तास मिळते, आठवड्यातून सुट्टी आहे का, आजारी पडलास तर डॉक्टरकडे कोण नेतं, आणि घरी फोन करता येतो का. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चची तरुण मुलं-मुली अशीच मिशनवर जातात, मुलगे २ वर्षं, मुली १८ महिने, कायम जोडीदाराबरोबर, एकट्याने फिरायचं नाही. त्यांना आधी वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा, नाताळला आणि मदर्स डेला, ते २०१९ मध्ये बदललं आणि आता दर आठवड्याला आई-वडिलांशी बोलता येतं. त्याने त्यांचं मिशन काही बुडालं नाही. तर तुझ्याकडे काय नियम आहे ते विचार, आणि विचारल्यावर कोणी डोळे वटारले तर ते मला कळव.

कोठाराची मुदत पण विचारून घे, किती महिने आणि पुढे काय. एवढं विचारणं म्हणजे अहंकार नव्हे, कोणी म्हणालं तरी. आणि तोपर्यंत डाळीत कडुलिंबाचा पाला सावलीत सुकवून घाल, ओला घातलास तर बुरशी येईल. तांदूळ फार कडक उन्हात वाळवू नकोस, तुकडा पडतो.

पत्र चौथं

महोदया, मी निवृत्त अधिकारी आहे. आपल्या मासिकात मिशनरी लोकांना जागा मिळणार असं मागच्या अंकावरून दिसतं. ही पोरं गोड बोलून शेवटी धर्मांतरच करायला येतात, त्यात ‘रोजच्या जगण्यातलं अध्यात्म’ वगैरे काही नसतं. आपण ह्याला प्रोत्साहन देऊ नये ही विनंती.

उत्तर

साहेब, विनंती वाचली. कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, मध्य प्रदेशात १९६८ पासून ह्यावर कायदा आहे, २०२१ मध्ये नवीन आला, जबरदस्ती, आमिष, फसवणूक ह्यांना बंदी आणि शिक्षा आहे, तसं कोणी करत असेल तर तक्रार करा, मी तुमच्याबरोबर येते. पहिल्या पत्राच्या उत्तरात मी पलंगाजवळच्या बोलण्याबद्दल काय लिहिलंय ते पण बघा.

पण शेवटी धर्मांतरच, असं एका वाक्यात नाही बसत ते. ह्या शहरात कॅनडाचे मिशनरी १८७७ मध्ये आले, क्रिश्चियन कॉलेज १८८७ चं, आणि त्यात शिकून निघालेल्या मराठी माणसांची घरं रामबागेत किती आहेत मोजा, सगळी अजून गणपती बसवतात. किशोरकुमार पण तिथेच शिकला, कँटीनची उधारी ठेवून गेला असं म्हणतात.

आणि सिस्टर राणी मारिया तुम्हाला आठवत असेल, तुम्ही तेव्हा नोकरीत असाल. उदयनगरकडे आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज, सरकारी योजना मिळवून द्यायचं काम करायची, २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येताना बसमध्येच तिच्यावर हल्ला झाला आणि तिला मारलं. २०१७ मध्ये इथेच इंदूरला तिला धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्याचा सोहळा झाला. मला त्या सगळ्यातली एकच गोष्ट डोक्यातून जात नाही, की तिच्या सख्ख्या बहिणीने, ती पण सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारणाऱ्याला राखी बांधली. दुकानातली दहा-वीस रुपयांची राखी असणार. मी सख्ख्या दिराशी प्लॉटवरून अकरा वर्षं बोललेली नाही, म्हणून मी ह्यावर जास्त काही लिहीत नाही.

पत्र पाचवं

काकू, दुसऱ्यांना एवढं सांगता, तुम्ही स्वतः आज रोजच्या जगण्यातून काय शिकलात?
(दोघी मैत्रिणी, स्नेहलतागंज)

उत्तर

आज सकाळी पोहे भिजवले आणि तेवढ्यात ह्याच पत्रांचा गठ्ठा घेऊन बसले, तर चाळणीत निथळत ठेवायचे राहूनच गेले. गोळा झाला. त्यात बेसन, कांदा, ओवा घालून थालीपीठ लावलं, जरा चिकट झालं. दोघी या, अजून दोन उरलीत.